लाखेच्या गल्लीपासून वैशाली नगरापर्यंत

जयपूर म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे हवामहल आणि आमेरचा किल्ला उभा राहतो. शहराच्या पश्चिम भागातील वैशाली नगराकडे तो सहसा वळत नाही. तरीही ही वसाहत पाहण्यासारखी आहे. नाव प्राचीन लिच्छवींच्या राजधानीचे, एका चौकाचे नाव आम्रपाली सर्कल, आणि बाजारपेठ मात्र अगदी आजची! मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच काचेआड झळकत असतात. गिऱ्हाईक किंमत विचारते, रंग निवडते. परंतु वस्तूचे बाह्य कवच कशाचे आहे, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक वस्तू किती काळ टिकेल, हे पुष्कळदा त्या कवचावरच ठरते. हा विषय समजून घ्यावयाचा, तर जयपूरचा जुना बाजार ही उत्तम पाठशाळा होय.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जुन्या शहरात, त्रिपोलिया बाजाराजवळ ‘मनिहारों का रास्ता’ नावाची गल्ली आहे. तेथे लाखेच्या बांगड्या घडतात. आच लागताच लाख मऊ होते, कारागीर तिला हवा तो आकार देतो आणि निवताच ती कडक होते. तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून विजेचे युग अवतरताच पाश्चात्त्य देशांत तिची मागणी वाढली. कीटकांपासून मिळणाऱ्या या द्रव्याला पर्याय शोधता शोधता लिओ बेकेलंड या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बेकेलाइट सिद्ध केले. रेडिओ आणि काळे टेलिफोन पुढे कित्येक वर्षे त्याच्याच कवचात नांदले. पण बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही आणि आपटले तर तडकते. पुढे रबराचा अंश असलेले एबीएस आणि १९५३ मध्ये सापडलेले चिवट पॉलिकार्बोनेट आले. लाखेप्रमाणेच ही प्लास्टिके तापविली असता मऊ होतात.

तेथून जवळच जोहरी बाजार आहे. जयपूरची मीनाकारी जगप्रसिद्ध. सोन्याचांदीवर कोरलेल्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरून ती भट्टीत तापवितात. काच आणि धातू यांचे प्रसरण-आकुंचन जुळले नाही, तर मीना उडून जातो. काच आणि धातू एकत्र नांदवावयाचे हेच अवघड काम आज मोबाइल घडविणाऱ्यांपुढे आहे. ॲल्युमिनियम हलके, उष्णता चटकन बाहेर टाकणारे; परंतु त्यातून रेडिओलहरी पार होत नाहीत. म्हणून धातूच्या कडेत प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या बसवाव्या लागतात आणि बिनतारी चार्जिंगसाठी पाठ काचेची करावी लागते. ही काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवितात. काचेतील सोडियमच्या लहान कणांची जागा पोटॅशियमचे मोठे कण घेतात, पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि काच बळकट होते. अलीकडे महागड्या मोबाइलांत टायटेनियमही दिसते. ते पोलादाहून बरेच हलके, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या फार मागे.

सर्व गुण एकाच द्रव्यात सापडत नाहीत, हे जयसिंहांनी तीन शतकांपूर्वीच ओळखले होते. पितळी वेधयंत्रे लहान असत, त्यांचे आस झिजत आणि मोजणी चुके. म्हणून त्यांनी जंतरमंतरमध्ये दगडचुन्याची भव्य यंत्रे उभारली. सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आजही सूर्याची वेळ दाखवीत उभे आहे. कार्य पाहून द्रव्य निवडावे, हा त्या वास्तूचा खरा धडा आहे.

आजच्या गृहस्थाला हा धडा थेट लागू पडतो. जयपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. काही उत्पादक मात्र मोबाइलसाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य मानतात. त्यात आपण कवचावर जाड रबरी आवरण चढवितो आणि आतील उष्णता आतच कोंडतो! दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. स्क्रूने बसविलेले कवच उघडून बॅटरी बदलता येते. गोंदाने चिकटविलेली काच काढताना फुटण्याची भीती असते. मग थोड्या बिघाडासाठी सबंध यंत्र टाकून देण्याचा मोह होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कचरा कमी करणे बऱ्याच अंशी गिऱ्हाइकाच्याच हाती आहे.

लाखेची बांगडी मोडली, तर ती लाख पुन्हा आचेवर मऊ करून नवा आकार घेते. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा घडविता येते, एबीएसचेही तसेच. मात्र गोंदाने एकमेकांना जखडलेले काच, धातू आणि प्लास्टिक वेगळे करणे कष्टाचे व खर्चाचे असते. यास्तव पुढील खरेदीच्या वेळी दुकानदाराला रंगाबरोबर आणखी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हे कवच कशाचे आहे, आणि ते न फोडता उघडते काय? असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली, म्हणजे घडविणाऱ्यांनाही उत्तर शोधावेच लागेल.