प्रबंधाआधीची शाळा

पीएच.डी. म्हणजे प्रबंध आणि प्रबंध म्हणजे एकांतात बसून केलेले लेखन, अशी आपल्या घरोघरी समजूत आहे. त्यामुळे दोन मुलांची आई असलेली माझी सून बडोद्यात समाजशास्त्राच्या पीएच.डी.साठी पुन्हा वर्गात बसू लागली, तेव्हा "एम.ए. झालेल्या बाईला आणखी परीक्षा कशाला?" असे जवळजवळ प्रत्येक नातलगाने विचारले. प्रश्न गैरवाजवी नव्हता. मुलांच्या शाळा आणि घरचे सणवार सांभाळून एक पूर्ण सत्र तासांना हजेरी लावायची, निबंध लिहून द्यायचे, परीक्षा द्यायची. आणि एवढे करून प्रबंधाचे एक पानही लिहून होत नाही. सत्राच्या मध्यावर धाकटा तापाने आजारी पडला, तेव्हा सारेच सोडून द्यावे की काय, अशी चर्चा आमच्या घरात दोन रात्री चालली होती.

नियम मात्र कोणाला चुकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली असे कोर्सवर्क देशभर सक्तीचे केले. 2022 च्या नियमावलीप्रमाणे ते किमान 12 श्रेयांकांचे असावे लागते आणि त्यात 55 टक्के गुण मिळविल्यावाचून प्रबंधाकडे वळता येत नाही. संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनातील नीती हे दोन विषय सर्वच शाखांना आहेत.

या शिक्षणाने काय साधते, याचे उत्तर मला बडोद्याशीच संबंध असलेल्या एका थोर अभ्यासकाच्या चरित्रात सापडले. एम. एन. श्रीनिवास यांनी मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली कूर्ग लोकांवर प्रबंध लिहून 1944 साली डॉक्टरेट मिळविली. पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि रॅडक्लिफ-ब्राऊन व इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखाली शिकून, त्याच कूर्गच्या सामग्रीवर त्यांनी 1947 साली दुसरा प्रबंध सिद्ध केला. माहिती पूर्वीचीच, तिला विचारायचे प्रश्न नवे होते. त्यातून आलेला ग्रंथ 1952 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा श्रीनिवास आपल्या बडोद्याच्या विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

सूनबाईंचा विषय आहे बडोद्यातील मराठी कुटुंबांचा. "आपल्याच माणसांविषयी लिहायचे, त्यात शिकण्यासारखे काय?" असे तिच्या सासऱ्यांनी प्रथम म्हटले होते. तिने आरंभी तीस घरांची यादी केली. नमुना कसा निवडावा, याचे तास झाल्यावर तीच यादी तिने आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आई, यांतली सगळी घरे आपल्या लग्नकार्यांतली आहेत." खरेच होते. गायकवाडांच्या राज्यात दप्तरांत आणि शाळांत नोकरीस आलेल्यांची ती घरे. फौजेबरोबर आलेल्यांचे, कारागिरांचे, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्यांचे वंशजही इथे मराठीच बोलतात. यादीत त्यांतले एकही नाव नव्हते. ओळखीतून केलेली यादी ओळखीपाशीच थांबते, हे तिला त्या तासांनी शिकविले.

मग माझी मुलाखत घ्यायची ठरली. तिने संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा मी म्हटले, "घरातल्या माणसाची सही कशाला ग?" ती म्हणाली, "घरातली आहात म्हणूनच. तुम्ही सांगाल ते छापले जाईल. नाव नको असेल तर घालणार नाही. आणि मध्येच थांबावेसे वाटले तर थांबायचा हक्क तुमचा." सुनेने सासूला थांबण्याचा हक्क द्यावा, याचे मला हसू आले, पण मी सही केली. पुढे तिने विचारले, की आपल्या जुन्या वाड्यात पाणी भरायला येणाऱ्या बाई कोण होत्या, त्यांचे आडनाव काय. त्यांना सारे 'मावशी' म्हणत. आडनाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते 'ठाऊक नाही' हेही तिने जसेच्या तसे लिहून घेतले.

आपल्या इकडच्या मराठी वस्त्यांचा इतिहास बराचसा तोंडी आहे. जुनी माणसे थकत चालली आहेत आणि नातवंडे गुजराती व इंग्रजीत शिकत आहेत. जे आज लिहिले जाईल, तेच बहुधा पुढे खरे मानले जाईल. ते केवळ आप्तस्वकीयांना विचारून लिहिले, तर निम्मी माणसे कायमची गळतील. त्यासाठी एक सत्र खर्ची पडले, तर ते महाग म्हणता येणार नाही.

सूनबाई परीक्षा उत्तीर्ण झाली आहे आणि यादी नव्याने करते आहे. वाचकांपैकी कोणाच्या दारी असा विद्यार्थी संमतीचा कागद घेऊन आला, तर त्याला बसायला सांगावे, कागद पुरता वाचावा आणि मनात असेल तेवढे मोकळेपणाने सांगावे. शेजारच्या ज्या घरी तो गेलेला नाही, त्या घराचा पत्ताही त्याला द्यावा.