अपोलोनिया : नदी दूर गेली आणि नगर ओस पडले

१/ अल्बानियातील फिएर शहराजवळच्या टेकडीवर अपोलोनियाचे भग्नावशेष आहेत. हे एके काळचे बंदर, हे ठाऊक असलेला प्रवासी धक्का शोधू लागतो. पायथ्याशी मात्र दूरवर शेते पसरलेली दिसतात.

२/ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी कॉरिंथच्या ग्रीकांनी येथे वसाहत केली. आऊस, म्हणजे आजची व्योसा नदी, तेव्हा जवळून वाहत असे आणि गलबते तिच्यातून नगराशी येत. इ.स.पू. ४४ मध्ये अठरा वर्षांचा ऑक्टेव्हियन येथेच शिकत होता. सीझरच्या हत्येची वार्ता त्याला येथेच कळली. पुढे तो रोमचा पहिला सम्राट झाला.

३/ कालांतराने भूकंपामुळे नदीने पात्र बदलले, बंदर गाळाने भरले. व्यापार गेला, त्यामागून माणसेही गेली. मध्ययुगात येथे मरियमेचा मठ उभा राहिला. त्याच्या भिंतींत प्राचीन नगराचेच दगड आहेत.

४/ व्योसा आज दक्षिणेकडे, नार्ताच्या खाजणाजवळ समुद्राला मिळते. तेथे रोहित पक्षी उतरतात. धरणांविरुद्धच्या दीर्घ लढ्यानंतर २०२३ मध्ये ही नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. नदी गमावल्यावर काय उरते, हे अपोलोनियाच्या टेकडीवरून स्पष्ट दिसते.