आवाज वाढवताना

आमच्या कोल्हापुरात 'नाद' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ संगीतशास्त्रातला. तो देवल क्लबाच्या बैठकीत ऐकू येतो. दुसरा वेडाचा. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, म्हशींचा नाद. आणि हा दुसरा नाद कोणी करावा व कोणी करू नये, हे रिक्षांच्या पाठीवर लिहिलेलेच असते. हे दोन्ही अर्थ वर्षातून एकदा एकत्र येतात. अनंत चतुर्दशीला मिरवणूक महाद्वार रोडला लागते, कुठल्याशा तालमीच्या गाडीवर कर्ण्यांची भिंत उभी राहते आणि घरांच्या खिडक्यांची तावदाने ताल धरू लागतात. या भिंतीला आम्ही 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी या गृहस्थाने 1965 मध्ये लंडनमध्ये आपली कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. ज्याने आवाजातला गोंगाट काढून टाकण्यात नाव मिळवले, त्याच्याच नावाने आमच्याकडे गोंगाट ओळखला जावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

अशा रात्री शिष्ट माणसाने काय म्हणावे, हे ठरलेले आहे. खरे संगीत हळू आवाजात ऐकावे. मोठा आवाज हा अडाण्यांचा शौक. मला हे विधान पुरतेसे पटत नाही. ते निम्मे खरे आहे, आणि निम्म्या सत्याची मोठी अडचण अशी की, त्याला सगळे मान डोलावतात.

साधा प्रयोग करून पाहा. एखाद्या बुजुर्ग गवयाची ध्वनिमुद्रिका अगदी बारीक आवाजात लावा. गवई ऐकू येईल, बोल कळतील, राग ओळखता येईल. पण तंबोरा? त्याची वरची झणझण तेवढी उरेल. खर्जाची तार जवळजवळ नाहीशी होईल. डग्ग्याची घुमार जाऊन तबला नुसता टिचकी मारल्यासारखा वाजेल. आता आवाज हळूहळू वाढवा. एका टप्प्यावर खर्ज आत येतो, डग्गा श्वास घेऊ लागतो, आणि इतका वेळ हवेत लोंबकळणारा गवई एकदम जमिनीवर मांडी घालून बसतो. गाणे नुसते मोठे झालेले नसते. त्याची ठेवण बदललेली असते.

यात चमत्कार नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. बारीक आवाजात तो मधल्या सुरांना झुकते माप देतो आणि खालच्या सुरांना दाराबाहेर उभे करतो. आवाज चढत गेला की हा पक्षपात कमी होतो. पुरुषाच्या पट्टीतला खर्जाचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण 70 कंपने. तो कानापर्यंत पोचायला मुळातच जोर लागतो. तेव्हा आवाज वाढवणाराला असंस्कृत म्हणण्यापूर्वी जरा थांबावे. तो बिचारा कदाचित खर्ज शोधत असेल.

मग आवाज ठेवावा तरी किती? मला वाटते, गवई आपल्या दिवाणखान्यात, दोन हातांवर बसून गात असता, तर जितका ऐकू आला असता तितका. प्रत्येक गाण्याला अशी आपली एक उंची असते. गळ्याचा जोर हा गाण्याचाच भाग आहे; तो बाहेरून चढवता येत नाही आणि उतरवताही येत नाही. खुल्या आकाराने लावलेला तार षड्ज कितीही बारीक करून ऐका, तो जोरकसच वाटतो. उलट, कानात सांगितल्यासारखे गाइलेले भावगीत गल्लीभर ऐकू जाईल इतके मोठे करा. ती कुजबूजच राहते, पण राक्षसाची कुजबूज होते.

ज्या काळी कर्णे नव्हते, त्या काळी ही उंची गळ्यानेच राखावी लागे. शाहू महाराजांनी बांधलेल्या आमच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. केशवराव अवघ्या 31 वर्षांचे असताना, 1921 मध्ये गेले. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जायचे तर त्यांच्या पिढीच्या नटापाशी छाती आणि गळा यांखेरीज दुसरे यंत्र नव्हते. पुढे ध्वनिक्षेपक आला, रेडिओ आला, आणि ज्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे गेला नसता, त्यांनाही गाता येऊ लागले. भावगीताची सारी मुलायम दुनिया त्या यंत्राच्या कृपेने उभी राहिली. यंत्राने आवाज मोठा केला हे खरे, पण हळू गाण्याची सोयही त्यानेच करून दिली. 2024 च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा ज्यांनी केशवरावांना ऐकणे शक्यच नव्हते, अशी माणसेही रस्त्यावर उभी राहून रडली. न ऐकलेल्या आवाजाचीसुद्धा गावाला एक आठवण असते.

अल्लादिया खाँसाहेबांचे तसेच. तरुणपणी अतोनात गाण्याने त्यांचा आवाज गेला. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिलेला नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. कोल्हापूरच्या दरबारात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी आपल्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागे ठेवली नाही. म्हणजे हा एक गवई असा, की ज्याचा आवाज वाढवायला आपल्या हाती कळच नाही. तो ऐकायचा तर केसरबाईंच्या, मोगूबाईंच्या गळ्यातून.

पण सगळेच संगीत दिवाणखान्यातले नसते. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी वाजू लागते. हलगीवाला तिचे कातडे विस्तवावर शेकून घेतो. कातडे ताणले जाते आणि काठीचा घाव हाडात शिरतो. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोलांचे ताफे एकत्र वाजतात आणि भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो, तेव्हा आपण ढोल ऐकत नसतो. ढोलाच्या आत उभे असतो. आवाज कानापेक्षा छातीला आणि पायांच्या तळव्यांना आधी कळतो. ऐकणारा आणि वाजवणारा असा भेद उरत नाही. इथे आवाज कमी करा म्हणणे म्हणजे पावसाला जरा बाजूला पड म्हणण्यासारखे आहे. या आनंदाला कमी लेखणारा रसिक मला अर्धाच रसिक वाटतो.

तरीही ढोल आणि डॉल्बी एक नव्हेत. ढोलकऱ्याचे हात थकतात. थकण्यापूर्वी तो हात हलका करतो, दम खातो, पुन्हा उसळी घेतो; म्हणून त्या गजराला चढउतार असतो. यंत्राला दम लागत नाही. आणि कानाची तर शिकस्त होते. मधल्या कानात रिकीब नावाचे, शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. आवाज फार चढला की एक इवलासा स्नायू त्या हाडाला लगाम घालतो. खर्जासाठी आवाज वाढवावा, तर एका मर्यादेपलीकडे कान तोच खर्ज आवरून धरू लागतो! सुरासुरांतली बारीक अंतरे पुसली जातात, मींड आणि झटका यांतला फरक बोथट होतो. शेवटी एकच सूर उरतो, मोठेपणाचा. मोठ्या आवाजाने गाणे उघडते हे खरे. पण तोच आवाज पुढे ते मिटवूनही टाकतो.

हा हिशेब मी पुस्तकातून शिकलो त्याआधी घरात पाहिला. माझ्या वडिलांनी, आबांनी, इचलकरंजीत तीस वर्षे यंत्रमागावर काढली. तिथे माणसे ओठांवरून आणि बोटांच्या खुणांनी बोलतात. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी करावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पाव तास मिळतो. आबांची पाळी पाव तासाची नव्हती. कानात ऐकण्याच्या पेशी सुमारे 15,000, आणि गेलेली पेशी परत येत नाही. त्यांतल्या बाहेरच्या रांगांचे कामच मुळी बारीक आवाज आतल्या आत वाढवून देण्याचे. म्हणजे जन्मतःच प्रत्येकाच्या कानात एक ध्वनिवर्धक बसवलेला असतो. आबांचा तो मागांच्या खडखडाटात झिजून गेला.

अशा कानाचे दुःख विलक्षण असते. लोकांना वाटते, बहिऱ्या माणसाला मोठ्याने ऐकवले की झाले. तसे नाही. बारीक आवाज त्याला मुळी ऐकू येत नाही, आणि मोठा आवाज तुमच्याआमच्याइतकाच, किंबहुना अधिक टोचतो. मधली जी ऐसपैस जागा, जिथे गाणे राहते, तीच आखडून गेलेली असते. संध्याकाळी मी केसरबाई लावतो. आबा म्हणतात, "काय ऐकू येईना, बाळ." मी आवाज वाढवतो. बाईंची तान वर झेपावते आणि आबा कपाळाला आठ्या घालतात. "अरे, ओरडतंय कशाला ते? गाऊ दे की!"

बाईंनी काही केलेले नसते. त्यांचा हळूपासून जोरापर्यंतचा सारा विस्तार आबांच्या कानात दोन पायऱ्यांचा झालेला असतो: नाही, आणि फार. महाद्वार रोडवर कर्ण्यांच्या भिंतीला टेकून नाचणारी पोरे पाहिली की माझ्या मनात वर्गणी किंवा कायदा येत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, हा नियम 2000 सालापासून कागदावर आहेच. माझ्या मनात त्या दोन पायऱ्या येतात. पोटासाठी आबांना त्या पत्कराव्या लागल्या. ही पोरे वर्गणी काढून त्या विकत आणतात.

अलीकडे आबांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला आहे. आवाज वाढवायला ते सांगत नाहीत. आपली खुर्ची उचलून कर्ण्याच्या अगदी शेजारी नेऊन ठेवतात आणि कान तिकडे करून बसतात. अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, हे गणित त्यांना कोणी शिकवलेले नाही. पण मोकळ्या जागेतल्या या गणिताहून मोठी गोष्ट त्यात होते: खोलीतला घुमारा मागे पडतो, आणि बाई तेवढ्या पुढे येतात. कर्णा नसलेल्या काळी बैठकीला उशिरा आलेला रसिक हेच करीत असे. गवयाला मोठ्याने गा म्हणत नसे. माणसांमधून वाट काढीत स्वतः पुढे सरके.

आबांना सगळे ऐकू येते असे मुळीच नाही. बोल सुटतात, तंबोरा तर कधीचाच सुटला. पण परवा समेवर त्यांचा हात मांडीवर पडला, तो बरोबर पडला.