काटकसर कोठे करावी?

आम्ही हयातभर मुलांस संस्कृत शिकविले. यंत्रांशी आमचा संबंध घड्याळास किल्ली देण्यापलीकडे कधी गेला नाही. तेव्हा मोटारीच्या इंधनमार्गाविषयी आम्ही लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु मागील वर्षी आमच्या हातून जी चूक घडली ती यंत्राची नसून हिशेबाची होती, आणि जेथे एकाच्या हाती तिजोरीची किल्ली व दुसऱ्याच्या हाती काम असते, अशा कोणत्याही घरात ती घडण्याजोगी आहे. म्हणून हा प्रपंच.

आमचे वडील बंधू, त्यांस आम्ही दादा म्हणत असू, बोदवडास वकिली करीत. त्यांनी १९७१ साली फियाट अकराशे ही मोटार घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई. पुढे हीच गाडी 'पद्मिनी' या नावाने आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांस परिचित झाली. त्या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची गाडी मात्र वाड्याच्या अंगणात अद्याप उभी आहे.

खानदेशचा उन्हाळा हिला कधी मानवला नाही. हिचा पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगास बसविलेला. इंजिन तापले की पंपात पेट्रोलाची वाफ व्हावी आणि गाडीने वाटेतच बसकण मारावी! वैशाखात मलकापूरच्या रस्त्यावर दादा पंपावर ओले फडके टाकून बाभळीखाली बसलेले आम्ही कितीदा तरी पाहिले आहेत. दादा गेले; इंजिनही म्हातारे होऊन तेल पिऊ लागले. त्यांचा मुलगा भुसावळास मोटार-दुरुस्तीचे काम करतो. त्याने मारुती जिप्सीचे १२९८ घनसेंटिमीटरचे जुने इंजिन गियरपेटीसह स्वस्तात मिळविले आणि ते वडिलांच्या गाडीत बसविण्याची परवानगी मागितली. वहिनींचे डोळे भरून आले. आम्ही होकार दिला.

पुतण्याने खर्चाची यादी आमच्यापुढे ठेवली. इंजिनाची किंमत अल्प आणि नळ्या, पकडी, गाळण्या, पंप यांची रक्कम भली मोठी! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे आम्ही त्यास हसून म्हणालो. त्याने समजावण्याचा प्रयत्न केला. "काका, जुने इंजिन कार्बुरेटरचे. त्याला पेट्रोल नुसते हळूहळू पोचले तरी पुरते. हे नवे इंजेक्शनचे आहे. याला दहापट दाबाने पेट्रोल लागते." आम्ही यादीवर लाल शाई चालविली. पंप ठेवला. परंतु जाड नळ्या आणि त्यांच्या खास पकडी यांवर काट मारून, माळ्यावर जुनी नळी पडली आहे ती वापरावी, असा शेरा लिहिला. पंपाचा वीजप्रवाह आपोआप तोडणारी व्यवस्थाही आम्हांस चैनीची वाटली. साध्या बटणाने काम भागत नाही काय? एकूण बचत सुमारे चार हजार रुपयांची झाली आणि त्या रात्री आम्हांस फार समाधान वाटले.

एका सायंकाळी अंगणात इंजिन प्रथम सुरू झाले. पहिल्याच फेऱ्यात लागले! शेजारपाजारची मुले टाळ्या पिटू लागली. पाच मिनिटे चालवून पुतण्याने ते बंद केले व तो हात धुण्यास मागे गेला. इंजिन बंद झाले. पंप मात्र आमच्या त्या साध्या बटणावर चालूच होता. इतक्यात वहिनी तुळशीपुढे लावावयाचा दिवा पदराआड धरून बाहेर आल्या. ओटीवर बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींस पेट्रोलाचा उग्र वास आला आणि त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "वहिनी, थांबा! तेथेच थांबा!" वहिनी जागच्या जागी थबकल्या. वृंदावन गाडीपासून दहा पावलांवर आणि पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. गाडीखाली पाहतो तो ओला डाग वाढत चालला होता. पुतण्याने धावत येऊन बटण बंद केले. कोणासही इजा झाली नाही. परंतु त्या रात्री आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुतण्या आम्हांस एक शब्दही बोलला नाही. त्याने ती फाटलेली जुनी नळी आणून आमच्या पुढ्यात ठेवली, इतकेच. पकडीखाली ती बोटभर चिरली होती. मग आम्हीच त्यास विद्यार्थ्याप्रमाणे प्रश्न विचारू लागलो. कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे पाव किलोग्रॅम असतो. इंजेक्शनमध्ये तो अडीच-तीन किलोग्रॅमपर्यंत जातो. जुनी नळी तो सोसत नाही, आणि साधी पकड तिच्या रबरात रुतते. शिवाय अलीकडे पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरास खाते आणि हवेतील पाणी शोषून घेते. त्याने टाकी गंजते, आणि त्या गंजाचा कण इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रात अडकला की इंजिन अडखळलेच.

आम्ही वर्गात संधी शिकवीत असू. दोन शब्द स्वतंत्रपणे निर्दोष असतात. विकार होतो तो त्यांच्या जोडावर. येथेही तेच. दादांची गाडी चांगली होती, इंजिनही चांगले होते. आम्ही दोहोंच्या जोडाचेच पैसे कापले होते.

दुसऱ्या खेपेस काटकसर झाली, परंतु ती पुतण्याने सांगितली तेथे. नवी टाकी न घेता जुनीच आतून गंज काढून स्वच्छ केली. टाकीत पेट्रोल कमी असता वळणावर पंपाने हवा ओढू नये, म्हणून एक लहानशी डबी स्थानिक कारागिराकडून करून घेतली. साधा पंप टाकीतून डबी भरतो आणि तेथून मोठा पंप पेट्रोल पुढे ढकलतो. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळीही घातली. पेट्रोल असे सतत फिरते राहिल्याने उन्हाळ्यात वाफ धरण्याची भीती पुष्कळ कमी होते. नळ्या, पकडी, गाळण्या आणि इंजिन थांबताच पंप थांबविणारी व्यवस्था यांवर मात्र एक पैही वाचविली नाही.

आणखी एक धडा राहिला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. तसेच जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस जी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, ती इंजिनात मोठा फेरबदल केलेल्या गाडीस मिळत नाही. वकिलाच्या घरात हे कोणीही आधी वाचू नये! म्हणून गाडी फाटकाबाहेर नेलेली नाही. मूळ इंजिन तेल लावून, गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवले आहे. परिवहन कार्यालयाने अनुमती नाकारल्यास ते दुरुस्त करून पुन्हा बसवावयाचे, असे ठरले आहे.

आधी कागद पाहावा, मग जोड करावा आणि शेवटी इंजिन आणावे, हा खरा क्रम. आम्ही तो नेमका उलटा गिरविला. ती चिरलेली नळी आम्ही टाकून दिलेली नाही. हिशेबाच्या वहीजवळ ती ठेवली आहे. लाल शाईची लेखणी उचलण्यापूर्वी तिच्याकडे एकवार पाहतो.