पाठीवरचा हात

छडीवाचून विद्या नाही, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. शाळेच्या वर्गातून छडी गेली. परंतु खेळाच्या मैदानावर ती अद्यापि शब्दरूपाने वावरताना दिसते. मे महिन्याची सुट्टी लागली, की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत शाळांच्या पटांगणांत व देवळांच्या आवारांत क्रीडाशिबिरे भरतात. आधी मुलांच्या निमित्ताने आणि आता नातवंडांच्या निमित्ताने आम्ही अशा मैदानांच्या कडेला उभे राहत आलो आहोत. तेथे कानांवर पडणाऱ्या शब्दांत ‘शाब्बास’ क्वचितच असतो. ‘पाय आहेत की लाकडे?’, ‘तुझ्यामुळे हरलो!’ हेच अधिक. बोलणारे कोणी वैरी नव्हेत. ते शिक्षक असतात, पालक असतात आणि मुलाचे भलेच इच्छितात. प्रश्न एवढाच, की त्या शब्दांनी भले होते काय?

बोरिवलीचेच उदाहरण घेऊ. आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहत असल्यामुळे बोरिवलीत आजीआजोबा व काकांकडे वाढणारा एक मुलगा १९९९ साली काकांच्या पैशाने क्रिकेटच्या शिबिरात दाखल झाला. तो ऑफस्पिन टाकीत असे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपण शिकवीत असलेल्या स्वामी विवेकानंद शाळेत येण्यास सुचविले. तेथील फी परवडणारी नव्हती. तेव्हा लाडसरांनी ती माफ करवून घेतली. चार वर्षे आपल्याला एक पैसाही भरावा लागला नाही, असे त्या मुलाने पुढे सांगितले आहे. आठव्या क्रमांकावर खेळणाऱ्या या गोलंदाजाच्या हातात फलंदाजी आहे, हे सरांनी हेरले आणि त्याला सलामीला पाठविले. सलामीच्या पहिल्याच सामन्यात त्याने शतक काढले. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. पुढे पालघरच्या शार्दूल ठाकूरची गुणवत्ता दिसताच, त्याचे तासन् तास लोकलच्या प्रवासात जाऊ नयेत म्हणून लाडसरांनी त्याला आपल्या घरीच राहावयास आणले. २०२२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

वाचकहो, या हकिकतीत कौतुकाचे भाषण कोठेच नाही. आहे ते एवढेच: कोणीतरी एका मुलाकडे नीट पाहिले, त्याच्यात काय आहे हे ओळखले आणि त्याच्या वाटेतला अडसर स्वतः दूर केला. आम्ही प्रोत्साहन म्हणतो ते याला.

यावर कोणी म्हणेल, की रमाकांत आचरेकरांनी कोठे कौतुक केले? खरे आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकरने सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधीही ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही. परंतु याच सरांनी शिवाजी पार्कवर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून ‘बाद झाला नाहीस तर हे तुझे’ असा पण लावला होता. सचिनने अशी तेरा नाणी जिंकली आणि ती जन्माची ठेव म्हणून जपली. हेच सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळवावयास नेत. शब्द नव्हता, पण वेळ दिलेला होता, विश्वास टाकलेला होता. सरांच्या मौनाचे अनुकरण करणारे पुष्कळ भेटतात. त्यांची स्कूटर मात्र कोणी काढीत नाही.

पण सचिन आणि रोहित लाखांत एखादे. आम्हांला चिंता आहे ती उरलेल्यांची. त्यांच्याविषयी अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मोठे काम केले आहे. मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना त्यांनी साध्या गोष्टी शिकविल्या: प्रयत्नाची दखल घ्या, चूक झाल्यावर आधी धीर द्या, मग ती कशी सुधारावी ते सांगा, पाणउतारा करू नका. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे आढळले, की अशा प्रशिक्षकांकडील केवळ ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. इतर प्रशिक्षकांकडील २६ टक्के मुलांनी. दोन्हींकडच्या संघांच्या हारजितीत मात्र फरक नव्हता. म्हणजे रागावल्याने सामने अधिक जिंकले गेले नाहीत. मुले तेवढी गमावली गेली.

आमच्या धर्मग्रामातले एक अंकल रविवारच्या मिस्सानंतर मुलांना फुटबॉल शिकवीत. एकदा अकरा वर्षांच्या एका किडकिडीत गोलरक्षकाच्या हातून लागोपाठ दोन चेंडू निसटले. कडेवरून कोणीतरी ओरडले, कोणी हसले. मुलाने खेळ संपताच हातमोजे काढून टाकले. ‘काही हरकत नाही, छान खेळलास,’ असे खोटे अंकल बोलले नाहीत. त्यांनी त्याला थांबवून घेतले आणि सावकाश वीसेक चेंडू त्याच्याकडे सरपटत सोडले. ‘हात चुकतात रे, हातांमागे गुडघा आण,’ एवढेच ते सांगत राहिले. विसाव्या चेंडूपर्यंत मुलाचे रडे थांबले होते. तो मुलगा शाळेच्या संघात कधी निवडला गेला नाही. पण बारावी होईपर्यंत एक रविवार त्याने चुकविला नाही, आणि उपनगरातल्या इमारतींच्या गर्दीत त्या वयाच्या मुलाला रविवारची हक्काची जागा असणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

येथे संत जॉन बॉस्कोचे स्मरण होते. आपल्या बोरिवलीत आणि माटुंग्यात ज्यांच्या शाळा आहेत, त्या सलेशियन संस्थेचे हे संस्थापक. मे १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी दोन पटांगणांचे वर्णन केले आहे. पहिल्यात शिक्षक मुलांमध्ये मिसळून खेळत आहेत. दुसऱ्यात ते कडेला उभे राहून आपापसांत बोलत आहेत, आणि मुले कोमेजलेली, संशयी झाली आहेत. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते प्रेम त्यांना कळलेही पाहिजे, हे त्या पत्राचे सार. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हां सर्वांनाच ते लागू आहे.

तेव्हा पालकांना आमची एक विनंती. पुढच्या सामन्याहून घरी परतताना रिक्षात मुलाला ‘किती गोल झाले?’ हे लगेच विचारू नये. प्रथम त्याला पाणी द्यावे. मग आज त्याने केलेली एखादी खरीखुरी चांगली गोष्ट सांगावी: वेळेवर दिलेला पास, पडलेल्या मित्राला दिलेला हात, दमल्यावरही मारलेली एक धाव. ती सांगता यावी, यासाठी मात्र सामना चालू असताना ओरडणे थांबवून त्याच्याकडे पाहावे लागेल.