आईचं १२१वं स्तोत्र

बाबा केळीचा ट्रक चालवायचे. रावेर-सावद्याला माल भरला की थेट दिल्ली. ते निघाले की जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात आई पवित्र शास्त्र उघडून १२१वं स्तोत्र काढायची. ते ती नुसतं वाचत नसे. जिथे 'तुझा' येईल तिथे बाबांचं नाव घाली. एरवी 'हे' आणि 'अहो' यापलीकडे न गेलेली माझी आई देवापुढे मात्र नवऱ्याचं नाव स्पष्ट घ्यायची. राखणारा देव डुलकीही घेत नाही, हा भाग आला की ती थांबायची. केळीचा ट्रक रात्रभर पळतो. दिवसाच्या उन्हापासून राखण मागताना तिचा आवाज चढायचा. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो. इथे त्या ओळीला कुणी अलंकार म्हणणार नाही.

"वचन धरून माग," ती म्हणायची. "आपल्या मनानं मागितलं की आपल्यापुरतंच मागणं होतं."

शास्त्रातली माणसंही हेच करतात. माशाच्या पोटातला योना जुन्या स्तोत्रांच्या शब्दांत आकांत मांडतो, मरीयेच्या गीतात हन्नेची प्रार्थना ऐकू येते, वधस्तंभावर येशूच्या तोंडी २२वं स्तोत्र येतं. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा शेजारच्या काकू तुकोबांचा अभंग म्हणतात तो स्वतःचं गाऱ्हाणं म्हणूनच. त्यासाठी शब्द बोलीजवळचे हवेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ छापून आला १९२४ साली.

मला एक गोष्ट मात्र सलते. हल्ली वचन म्हणजे आशीर्वादाचं एक वाक्य, कॅलेंडरवरचं नाहीतर सकाळी व्हॉट्सॲपवर आलेलं. मागचं-पुढचं सोडून तेवढंच उचलायचं आणि देवाला त्यावर अडवून धरायचं. बाबांना अर्धांगवायू झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण असं एकेक वचन ठेवून जायचा. माझ्या कामी आलं ८८वं स्तोत्र. ते आक्रोशानं सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. बाबांच्या उशाशी बसून मी ते मोठ्यानं म्हटलं, 'माझा' येईल तिथे 'आमचा' करून. बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, ते स्तोत्र संपेपर्यंत सोडलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरसभेत आम्ही स्तोत्रं निवडून घेत नाही, ओळीनं घेतो. दर शुक्रवारी एक. शापांनी भरलेलं १०९वं आलं, तेव्हा काहीजणींना ते म्हणवेना. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मला म्हणू द्या. माझ्यापाशी कारण आहे." त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं, आम्ही सगळे आमेन म्हणालो आणि पुढच्या शुक्रवारी ११०वं घेतलं.