एफ वन दाबा

पोस्ट लांब आहे. कॉम्प्युटरची आहे म्हणून सोडून देऊ नका, आपल्या गावच्या शाळेची आहे.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. एप्रिलच्या सभेत मुख्याध्यापक सरांनी विषय मांडला. संगणक कक्षातल्या आठपैकी सहा संगणक नादुरुस्त, त्यांच्या निर्लेखनाचा ठराव घ्यायचा. रजिस्टर फिरत फिरत माझ्यापुढं आलं. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या. माझा पेन थांबला.

"काहून भाऊ, काही अडचण?" सर म्हणाले.

अडचण जुनी होती. तीन वर्षांपूर्वी असंच रजिस्टर आलं होतं आणि मी चहा पिता पिता सही केली होती. ते पाच संगणक किलोच्या भावानं भंगारात गेले. त्यांना नेमकं काय झालं होतं हे मी विचारलं नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून पोट भरणारा समितीत मी एकटाच, आणि मीच विचारलं नाही. आता माझा मुलगा त्याच शाळेत सातवीत आहे. तो घरी म्हणतो, "बाबा, ते कॉम्प्युटर तं दहा मिनिटांत बंदच पडते." म्हटलं, सर, मला एक मशीन आठवडाभर द्या, मग सही करतो. सर जरा नाराज झाले, पण एक मशीन दिलं.

आधी माझीच फजिती सांगतो. चालू-चालू अचानक बंद पडतं म्हणजे पॉवरचा लोचा, असं मी धरून चाललो. गावात व्होल्टेज कसं खालीवर होतं हे तुम्ही जाणताच. दुकानातला चांगला एसएमपीएस काढून लावला. पंधराव्या मिनिटाला पुन्हा बंद. मग रॅम बदलून पाहिली. पुन्हा बंद. विंडोज नव्यानं टाकण्यात एक अख्खी रात्र गेली, आणि तेही अर्ध्यावर बंद पडलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 अशी नोंद दिसायची. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं. कारण त्यात लिहिलेलं नसतं.

धागा सापडला तो योगायोगानं. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण लावायचं राहिलं होतं. त्या दिवशी मशीन पंधराऐवजी अर्धा तास चाललं. मग डोक्यात प्रकाश पडला.

तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. नुसत्या डेस्कटॉपवर, काहीच काम चालू नसताना, प्रोसेसर 78 अंशांवर. एक व्हिडिओ लावला तर 90, 94, 97. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग 3.4 गिगाहर्ट्‌झवरून 1 च्याही खाली आलेला. हे बिघडलेल्या प्रोसेसरचं लक्षण नाही, उलट तो स्वतःला वाचवत असतो. 100 अंशांच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो, त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. मुलं ज्याला "हळू चालते" आणि "बंद पडते" असे दोन वेगळे आजार समजत होती, तो एकच आजार होता.

उघडून पाहिलं. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा जो हीटसिंक असतो, त्यावर धुळीची गोधडीच विणली गेली होती. पंखा फिरत होता, पण हवा खाली पोचतच नव्हती. पंखा चालू दिसला म्हणून अनेक जण इथंच फसतात. कूलर काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या बारीक फटी भरणारं मलम. ती सुकली की उष्णता वर चढत नाही.

ब्लोअरनं धूळ उडवली (पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते हवेनं भन्नाट फिरून खराब होऊ शकतं). जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली. नवीन लावली ती तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली तर जास्त थंड राहील असं काही नसतं. कूलर बसवला, मशीन चालू केलं. 91 अंश!

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की जाऊ दे, सही करून टाकू. नंतर कूलर हातानं हलवून पाहिला तर एका कोपऱ्यात डुगडुगत होता. त्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक नीट अडकलीच नव्हती. खुंट्या समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या जोडीनं दाबायच्या, आवाज येईपर्यंत. दाबली. नुसत्या डेस्कटॉपवर 49. व्हिडिओ लावून 66. दोन तास चालू ठेवलं, बंद पडलं नाही.

बाकीची पाच मशीन पाहायला शाळेत गेलो, तिथं जे दिसलं ते खरं या पोस्टचं कारण. संगणक कक्षातल्या फळ्याच्या कोपऱ्यात सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: "संगणक सुरू करताना एफ वन दाबा." मी एका मुलीला विचारलं, "का दाबायचं?" ती म्हणाली, "दाबल्याशिवाय सुरूच नाही होत, काका." मशीन लावलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली: सीपीयू फॅन एरर, पुढे जायला एफ वन दाबा.

मशीन रोज सांगत होतं की माझा पंखा बंद आहे. आपण रोज त्याला गप्प करून पुढं जात होतो, आणि ते पोरांना धडा म्हणून शिकवत होतो. त्यातल्या एका मशीनमध्ये केबल पंख्यात अडकली होती. दुसऱ्यात वाळलेली पाल निघाली. पोरं ओरडली, मीही थोडा ओरडलो.

यात सरांना दोष देणाऱ्या कमेंट कृपया करू नका. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, आहाराचा हिशोब, वरून रोज मागवलेली माहिती. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजारांचं अनुदान, त्यातच खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळं. संगणक देताना फोटो निघतो, फीत कापली जाते. पुढं वर्षातून दोनदा त्यातली धूळ कोण काढणार, हे कोणत्याच कागदावर नसतं. आणि ती खोली! पत्र्याचं छत, धूळ येते म्हणून खिडक्या बंद. मी गेलो त्या दुपारी आत 41 अंश होते. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणजे अकोल्याच्या उन्हाळ्यात प्रोसेसरची शर्यत 41 पासूनच सुरू होते. त्यात कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, आणि मशीन चालू असतानाही वर शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. प्रेमानं घातलेलं, पण जीवघेणं.

सहापैकी चार चालू झाले. एकाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले होते, एकाची हार्ड डिस्क गेलेली. ते दोन खरंच नादुरुस्त, त्यांच्या ठरावावर मी सही केली. पेस्ट, स्पिरिट आणि दोन नवे पंखे धरून हजाराच्या आत खर्च आला. आठ नवीन मशीन म्हटली असती तर अडीच-तीन लाख, आणि ती कधी आली असती देव जाणे. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलावर ठेवले, कव्हर शाळा सुटल्यावरच घालायचं ठरलं, सकाळच्या सत्रातच तास घ्यायचे ठरले.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या पाचांचं काय झालं होतं, ते आता कळायचा मार्ग नाही. त्यांच्या वेळीही फळ्यावर ती ओळ होती का, असं मी सरांना विचारलं. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, ती ओळ मी इथं बदलून आलो तेव्हापासूनच आहे."

सातवीच्या दोन मुली आणि एका मुलाला ब्लोअर मारायला शिकवलं आहे, प्लग काढून, कॅबिनेट अंगणात नेऊन. फळ्यावरची ओळ पुसली.

आपल्या तालुक्यात कुणाच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात "एफ वन दाबा" चालू असेल, तर ठरावावर सही करायच्या आधी मला सांगा. रविवारी दुकान बंद असतं. पेस्टची अर्धी ट्यूब अजून शिल्लक आहे.